बी.एस्सी. म्हणजे प्रतीक्षालय नव्हे

(महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘जीवशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढे काय?’ हा विषय मला देताना संयोजक मैत्रिणी जरा संकोचल्या होत्या. स्त्री संघटनेच्या शिबिरात हा विषय कशाला, असा प्रश्न बैठकीत निघाला होता म्हणे. मारहाण, हुंडा, रेशन, पाणी हे आपले प्रश्न. कोर्सची माहिती द्यायला गावोगाव क्लासवाले बसलेच आहेत, असं काहीजणींचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही. मी एकोणतीस वर्षं तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवलं. मुलीनं काय शिकायचं, किती शिकायचं आणि कुठे थांबायचं हे घरातल्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत मुलगी फक्त चहा घेऊन येते, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की हा प्रश्न मला मारहाणीच्या प्रश्नापासून फार लांबचा वाटत नाही. जिच्या हातात स्वतःची कमाई नाही ती मार खाऊनही त्याच घरात राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून आज दोन गोष्टी बोलणार आहे. वाटा कोणत्या आहेत, हे आधी. आणि त्या वाटांवर आपल्या मुली का पोचत नाहीत, तिथं संघटनेनं काय करायचं, हे नंतर.

एकच दार

आपल्याकडे दहावीला बरे गुण मिळालेली मुलगी विज्ञान शाखेला जाते. तिथं जीवशास्त्र घेतलं की ती ‘डॉक्टर होणार’ असं घरातले, शेजारचे, शाळेतले सगळे धरूनच चालतात. यात आनंदही आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देऊन कोर्टात लढलेल्या रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या, तेव्हापासून शिकलेल्या बाईचं आपल्या मनातलं चित्र म्हणजे डॉक्टरीणबाई. ते चित्र वाईट नाही. पण ते एकच चित्र असणं वाईट आहे.

आकडे पाहा. २०२४ साली ‘नीट’ची परीक्षा २३ लाखांहून अधिक जणांनी दिली. त्यात १३ लाखांहून जास्त मुली होत्या, म्हणजे मुलग्यांपेक्षा जास्त. आणि सगळ्या देशात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या खासगी महाविद्यालयांत, जिथली फी शेतकरी किंवा शिक्षकाच्या घराला परवडत नाही. म्हणजे दहा-पंधरा लाख अभ्यासू मुलींना आपण दर वर्षी एका अशा दारासमोर उभं करतो, जे बहुतेकींसाठी उघडणारच नाही. दार उघडलं नाही की ‘नापास’ हा शिक्का मात्र मुलीवर बसतो. जागा कमी आहेत हे कुणी म्हणत नाही, हिला जमलं नाही असंच म्हणतात.

त्यानंतर काय होतं? मुलगा असेल तर एक वर्ष, दोन वर्षं परत बसवतात, लातूरला किंवा कोट्याला पाठवतात. मुलीसाठी तेवढा खर्च करणारी घरं आता वाढली आहेत, हे मान्य करायला हवं. पण पुष्कळ घरांत मुलीला एकच संधी असते. ती गेली की ‘जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घाला, पदवी तरी होईल’ असं ठरतं. पदवी कशासाठी? तर बायोडाटात लिहायला. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मुलीच जास्त असायच्या. तिसऱ्या वर्षाला काही बाकं रिकामी व्हायची. रिकाम्या बाकांची चौकशी केली की एकच उत्तर, ‘मॅडम, तिचं जमलं.’ कोर्स जमला असं नाही, लग्न जमलं.

एक गंमत सांगते. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मगच वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. त्यामुळे तिकडे पुष्कळजण डॉक्टर होण्यासाठी म्हणून जीवशास्त्राची पदवी घेतात. तोच विषय, तीच पेशी, तोच बेडूक. तिकडे ती पहिली पायरी, आणि इकडे डॉक्टर न झालेल्या मुलीची समजूत घालायची गोष्ट. विषयाची किंमत विषयात नसते, आपण त्याच्याकडे कसं पाहतो त्यात असते.

कमल रणदिवे यांची वाट

या ठिकाणी मला एका बाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ. जन्म १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनं मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी. केलं. म्हणजे आज ज्याला आपण ‘साधं बी.एस्सी.’ म्हणून नाक मुरडतो, तेच.

१९३९ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. झाली १९४३ साली, लग्नानंतर चार वर्षांनी. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची पेशी-अनुवंशिकी. पुढे टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करता करता १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, म्हणजे लग्नानंतर दहा वर्षांनी. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परत आल्या, मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि स्तनाचा कर्करोग आणि अनुवंशिकता यांच्या संबंधावर काम केलं. आपल्या बायकांना होणाऱ्या रोगावर त्यांनी आयुष्य घातलं, आणि त्या एम.बी.बी.एस. नव्हत्या. १९७३ साली त्यांच्या पुढाकारानं भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. या संघटनेनं पुढे वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालवलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. बाईच्या संशोधनाला सूक्ष्मदर्शक लागतो तसा पाळणाघराचा पत्ताही लागतो, हे त्या बायकांना कळलं होतं. निवृत्तीनंतर रणदिवेबाईंनी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणावरही काम केलं.

त्यांचे वडील शिकलेले, नवरा गणिती, घर पुण्या-मुंबईचं, जात वरची. हे सगळं त्यांच्या बाजूला होतं, ते विसरून चालणार नाही. तालुक्याच्या गावातल्या, शेतमजुराच्या घरातल्या मुलीला ‘त्यांनी केलं, तू का नाही?’ असं विचारणं हा क्रूरपणा होईल. पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट आपल्याला घेता येते. पदवी, लग्न, एम.एस्सी., पीएच.डी. हा क्रम सरळ रेषेत नव्हता. मध्ये वर्षं गेली, तरी दार बंद झालं नाही, कारण कुणीतरी ते उघडं धरून ठेवलं होतं.

वाटा कोणत्या

आता माहितीकडे येऊ. पेन काढा, कारण वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीची अट वेगळी आहे.

पहिली वाट म्हणजे पुढचं शिक्षण. एम.एस्सी. म्हणजे आपल्याच विद्यापीठात, आपल्याच विषयात, एवढंच मुलींना माहीत असतं. पण आय.आय.टी.मध्ये जैवतंत्रज्ञानाचं एम.एस्सी. आहे, त्यासाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सी.यू.ई.टी. – पी.जी.’ ही परीक्षा आहे. जैवतंत्रज्ञानासाठी ‘गॅट-बी’ आहे, तिच्यातून प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतनही मिळतं. या परीक्षा तिसऱ्या वर्षाला असतानाच द्यायच्या असतात. निकाल लागल्यावर चौकशीला आलेल्या मुलीचं एक वर्ष फुकट जातं, आणि मुलीच्या घरी एक वर्ष म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची पदवी आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर पुढचं एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकतं. आपल्या कॉलेजात चौथ्या वर्षाची सोय आहे का, हे दुसऱ्या वर्षीच विचारा.

एम.एस्सी.नंतर संशोधन. सी.एस.आय.आर.ची ‘नेट’ परीक्षा पास होऊन जे.आर.एफ. मिळाली तर २०२३ सालापासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. वयाच्या अटीत स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. एक गोष्ट मी प्रत्येक पालकसभेत सांगायची: पीएच.डी. म्हणजे वय वाढेपर्यंत शिकत बसणं नव्हे, ते पगारी काम आहे. आकडा ऐकला की वडील लोक ताठ बसतात. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ सालच्या नियमांनी २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आणि पीएच.डी. पुरी करायला दोन वर्षांची वाढीव मुदत दिली, ती २०२२ सालच्या नियमांतही कायम आहे. हे पुष्कळ मार्गदर्शकांना माहीत नसतं, किंवा माहीत असून ते सांगत नाहीत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आयसर आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. ही नावं मुंबई-पुण्याच्या मुलींना ठाऊक असतात, आपल्या मुलींच्या कानावरून जात नाहीत.

दुसरी वाट म्हणजे शिक्षिका होणं. बी.एड. २०१५ सालापासून दोन वर्षांचं झालं. सहावी ते आठवीसाठी ‘टी.ई.टी.’ पास व्हावी लागते, आणि भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही हवं. ‘मास्तरकी बाईला बरी’ असं घरातले म्हणतात म्हणून ही वाट घेऊ नका, शिकवायला आवडत असेल तर जरूर घ्या. भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तोवर विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या मानधनावर बायकाच राबतात, हेही डोळे उघडे ठेवून पाहा.

तिसरी वाट प्रयोगशाळेची. बी.एस्सी.नंतर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका करता येते. रक्त, लघवी, थुंकी तपासणारी, कावीळ आणि क्षयाचं निदान ज्यांच्या हातून होतं, ती ही माणसं. गावोगाव लॅब निघाल्या आहेत, काम लगेच मिळतं. पण आमच्या भागात खासगी लॅब सुरुवातीला दहा-बारा हजारांवर बोळवण करतात, सुट्टी नाही, रक्त हाताळताना हातमोजे सुद्धा मोजून देतात. म्हणून दोन गोष्टी तपासा. पहिली, अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा परावैद्यक परिषदेची मान्यता आहे का; दोन खोल्यांच्या संस्थांतून वाटलेली प्रमाणपत्रं सरकारी भरतीत चालत नाहीत. दुसरी, सरकारी आणि नगरपालिकेच्या दवाखान्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

चौथी वाट सरकारी सेवेची. पदवीधराला राज्यसेवेची परीक्षा देता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जीवशास्त्राच्या मुलींना खास उघडी असलेली दारं कमी जणींना माहीत असतात. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी जी शिक्षणाची अट आहे, तिच्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्या पदव्या बसतात. नुसतं प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र बसत नाही. म्हणून मुख्य विषय निवडतानाच हे कळायला हवं. उलट भारतीय वनसेवेला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही चालतात. या सेवेत पहिल्या स्त्रिया १९८० साली आल्या. त्यात चालण्याची चाचणी असते, स्त्रियांना चार तासांत १४ किलोमीटर. मी वर्गात हे सांगितलं की मुली हसायच्या. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमच्या वस्तीवरून स्टँडला येऊन-जाऊन रोजचं दहा होतं.’ न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. बलात्काराच्या खटल्यात नमुना कुणाच्या हातात जातो, किती दिवस पडून राहतो, यावर निकाल फिरतो, हे आपण केसेसमध्ये पाहिलं आहे. तिथं आपल्या विचारांच्या मुली असाव्यात, असं मला फार वाटतं. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण आहे, ते अर्जात मागावं लागतं.

पाचवी वाट सार्वजनिक आरोग्याची, आणि ती आपल्या चळवळीला सगळ्यात जवळची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ती १९५६ सालापासून. माता का दगावतात, गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रिया ऊसतोड कामगार बायकांतच एवढ्या का होतात, हे मोजायचं आणि मांडायचं शास्त्र तिथं शिकवतात. बीडचा तो प्रश्न २०१९ साली गाजला तेव्हा मोर्चे आपण काढले, पण तपासणीचे कागद वाचून दाखवायला आपल्यात फार थोड्याजणी होत्या.

सहावी वाट औषध कंपन्या आणि चिकित्सा-चाचण्यांची. औषध आणि अन्नाच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासायला सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुली लागतात. नवीन औषधाच्या चाचणीत रुग्णाला समजावून संमती घेणं, नोंदी ठेवणं ही कामंही असतात. २००९-१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा प्रकल्प आदिवासी मुलींवर राबवला. संमती वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून घेतल्याचं उघड झालं, आणि २०१० साली तो थांबवावा लागला. संमतीचा कागद कुणाच्या हातात आहे याला महत्त्व असतं, ते यासाठी. कारखान्यात रात्रपाळी लावायची तर स्त्रीची संमती आणि ने-आण करण्याची, सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे, आणि अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं आवश्यक आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समितीचा फलक कुठे आहे, ते बघा.

आणखी छोट्या पायवाटाही आहेत. आहारशास्त्र आहे. कायद्याची तीन वर्षांची पदवी कुठल्याही पदवीनंतर करता येते. विज्ञानाची पदवी असलेल्या व्यक्तीला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांची गरज तर कायमच आहे.

‘मॅडम, मग डॉक्टर होण्याचं स्वप्न सोडायचं का?’ असं मला नेहमी विचारतात. सोडा, असं मी म्हणणार नाही. ‘नीट’ला वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढली आहे, पदवीनंतरही ती देता येते. पण ती देताना बाकीचं आयुष्य थांबवू नका. आणि परदेशातल्या एम.बी.बी.एस.चे दलाल घरी आले तर वडिलांना जमीन विकण्याआधी थांबवा. तिकडून आल्यावर इथं परवाना-परीक्षा द्यावी लागते, तीत बहुसंख्य नापास होतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि तिथंच एक वर्षाची इंटर्नशिप नसेल तर ती पदवी इथं चालतही नाही. मुलीच्या नावावर काढलेलं कर्ज पुढे मुलीलाच बांधून टाकतं.

पैसा, खोली आणि वर्षं

इतक्या वाटा असताना आपल्या मुली त्यावर दिसत का नाहीत? बुद्धी कमी पडते म्हणून नाही. मी ज्यांना थांबताना पाहिलं, त्या तीन गोष्टींपाशी थांबल्या.

पहिली पैसा. घरात एकाच्याच फीची सोय असेल तर ती भावाला मिळते. २०२४ च्या जुलैमध्ये शासनानं निर्णय काढला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही माफी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. सगळ्याला दाखले लागतात, आणि दाखले आयत्या वेळी मिळत नाहीत.

दुसरी खोली. शहरात राहायला सुरक्षित जागा. माझी एक विद्यार्थिनी, बाप वीटभट्टीवर, पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागला. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर पाच आठवड्यांनी लागणार होती. वडील म्हणाले, पाच आठवडे ही कुठे राहणार? प्रश्न बरोबरच होता. आमच्या गावच्या दोन शिक्षिकांनी पुण्यातल्या एका कार्यकर्तीला फोन केला, तिनं आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. आज ती मुलगी एका अन्नप्रक्रिया कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. पाच आठवड्यांचा प्रश्न होता, मैत्रिणींनो. तेवढ्यावरून आयुष्य इकडचं तिकडे झालं असतं.

तिसरी गोष्ट वर्षं. मुलीच्या विसाव्या ते पंचविसाव्या वर्षांवर सगळ्यांचा डोळा असतो. त्याच वर्षांत पदवी, परीक्षा, संशोधन, आणि त्याच वर्षांत स्थळं. ‘लग्न करून दे, पुढचं सासरचे शिकवतील’ हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलं, आणि खरं झालेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलं. आई वाईट असते म्हणून घाई करते असं नाही. गावात काय बोलतील याची, भावकीची, धाकट्या बहिणीची भीती तिच्या डोक्यावर असते. त्या आईशी भांडून उपयोग नाही, तिच्या पाठीशी उभं राहावं लागतं. आणि ज्यांची वर्षं गेली, त्यांनाही सांगा की वाट संपलेली नाही. शिक्षणात, कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. रणदिवेबाईंची पीएच.डी. लग्नानंतर दहा वर्षांनीच झाली.

आपण काय करायचं

संघटनेपुढे मी चार कामं ठेवते.

एक. प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्तीनं वही ठेवावी: कोणत्या परीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यात, कोणता दाखला कुठे मिळतो, कोणत्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे. दर वर्षी ती नव्यानं लिहावी, कारण अटी बदलतात. जूनमध्ये वही घेऊन कॉलेजात जा, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटा. तिसरं वर्ष म्हणजे उशीर.

दोन. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, नाशिक इथल्या मैत्रिणींनी पाच-सहा आठवडे एका मुलीला ठेवून घेण्याची तयारी असलेल्या घरांची यादी करावी. मोठा निधी यासाठी लागत नाही.

तीन. दाखल्यांसाठी तहसील कचेरीवर आपण एरवीही जातो. मे महिन्यात मुलींच्या शिक्षणाच्या दाखल्यांसाठी म्हणून जाऊ. कचेरीला कळेल, गावालाही कळेल.

चार. आयांची बैठक घ्या, मुलींशिवाय. जिची मुलगी शिकून कमावती झाली अशा एखाद्या आईला तिथं बोलायला लावा. मी तासभर बोलून जे होत नाही, ते ती पाच मिनिटांत करते.

इथं बसलेल्या विद्यार्थिनींना एवढंच सांगते. तुम्ही जे शिकता आहात ते कुणाच्या तरी मागं राहून मिळालेलं उरलंसुरलं नाही. शरीर कसं चालतं, रोग कसा होतो, बी कसं रुजतं, हे ज्ञान शतकानुशतकं बायकांपासून लांब ठेवलं गेलं. ते आज तुमच्या वहीत आहे. पुढची बैठक तुमच्या घरात बसेल तेव्हा चहा ठेवा आणि तिथंच बसा. कोणत्या परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेला आहे, फी किती आहे, माफी कशी मिळते, राहायचं कुठे, हे कागदावर लिहून समोर ठेवा. त्या कागदावर एखादी ओळ कोरी राहिली तर आमच्याकडे या. ती भरून देणं हे संघटनेचं काम आहे.